वाचकांचे प्रश्न : आतेआजीची पत्रे आणि ओसरीवरचा सेन्सॉर

घरातले जुने कागद पावसाळ्यात कसे सांभाळावेत, याविषयी या सदरात मागे लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाकडे वळलेली आहेत. युद्धकाळात परदेशी गेलेल्या परिचारिकांनी घरी पाठवलेली पत्रे अजून काही घरांत आहेत आणि त्यांचे काय करावे हे कोणाला सुचत नाही. त्यांतील पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्यावर जरा जास्त रेंगाळलो आहे, त्याबद्दल इतरांनी क्षमा करावी.

प्रश्न : आमच्या जुन्या घराचे छप्पर यंदा उतरवले तेव्हा माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात एकतीस पत्रे सापडली. ती माझ्या आजोबांच्या धाकट्या बहिणीने, म्हणजे आमच्या आतेआजीने, १९४२ ते १९४६ या काळात घरी पाठवलेली आहेत. लहानपणीच वैधव्य आल्यावर ती पुण्याला सेवासदनात गेली, ससून इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि दुसऱ्या महायुद्धात लष्करात नर्स म्हणून परदेशी गेली, एवढे आम्हांला ठाऊक आहे. गावात मात्र ती पुण्याला शाळेत शिकवते, असेच सांगितले जाई. पत्रे वाचून निराशा झाली. ‘मी खुशाल आहे, काळजी नसावी, नारळ किती पडले, विहिरीला पाणी कितपत आहे’ यापलीकडे त्यांत काहीच नाही. ती कोणत्या देशात होती हेसुद्धा कळत नाही. १९४४च्या श्रावणात तिची आई वारली. त्यावरचे तिचे पत्र कार्तिकातले आणि अवघ्या चार ओळींचे आहे. ‘ती दगडाची होती’ असे आमच्या घरात आजही म्हणतात. या पत्रांतून काही मिळण्यासारखे आहे काय?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : पत्रांत काही नाही असे ठरवण्याआधी, तुमच्या घरी पोचेपर्यंत ती किती जणांच्या डोळ्यांखालून गेली असतील याचा हिशेब मांडू या. आघाडीवरून निघणारे प्रत्येक पत्र सेन्सॉरच्या कक्षेत येई. ठिकाणाचे नाव, आपल्या तुकडीचे किंवा इस्पितळाचे नाव, जहाज, निघण्याची तारीख, जखमींची संख्या, पुढे कुठे हलवणार याबद्दलची कुजबुज, यांतले काहीही लिहायला मनाई होती. शिपायांची पत्रे त्यांच्याच तुकडीतला अधिकारी उघडून वाचत असे. अधिकाऱ्यांना आपले पत्र आपणच तपासल्याची सही पाकिटाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात करण्याची मुभा असे. पण ती मुभा विश्वासावरची होती आणि तळावरचा सेन्सॉर त्यांतले कोणतेही पाकीट मधेच फोडून पाहू शकत असे. भारतीय लष्करी परिचारिका सेवा १९२६ साली उभी राहिली आणि १९४३च्या वटहुकमाने तिच्यातील परिचारिकांना रीतसर कमिशन, म्हणजे अधिकाऱ्याचा दर्जा, मिळाले. तेव्हा तुमच्या एकतीस पाकिटांच्या डाव्या कोपऱ्यांत सही कोणाची आहे, ती सगळीकडे एकाच हाताची आहे की कुठे बदलते, हे आधी पाहा. तिचे अक्षर तुम्ही पत्रांत पाहिलेले आहेच.

त्या काळात खुशाली कळवण्याची भाषासुद्धा तयार मिळत असे. रणभूमीवरून पाठवायच्या छापील कार्डावर ‘मी अगदी बरा आहे’, ‘मला इस्पितळात दाखल केले आहे’ अशा ओळी आधीच छापलेल्या असत; लागू नसतील त्या खोडायच्या आणि खाली सही करायची. सही-तारखेखेरीज एक शब्द जास्त लिहिला तर कार्ड नष्ट केले जाईल, असेही त्याच कार्डावर बजावलेले असे. तारेसाठी ठरावीक वाक्यांची एक यादी होती, तिच्यातली तीन वाक्ये निवडायची. चार वर्षे अशा वातावरणात काढलेल्या बाईच्या हाताला ‘मी खुशाल आहे’ हे वाक्य सवयीचे झाले असेल, तर त्यात नवल वाटायला नको.

मात्र केवळ लष्करी सेन्सॉरमुळे ही पत्रे इतकी कोरडी झाली, असे मला वाटत नाही. सेन्सॉर ठिकाण लपवायला लावतो, मन लपवायला लावत नाही. माझे लक्ष अडकले ते तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याशी : गावात ती शाळेत शिकवते, असे सांगितले जाई. हे वाक्य आणि पत्रे एकत्र ठेवून पाहा. त्या काळी आपल्याकडे पत्र माणसाला येत नसे, घराला येत असे. ज्याला वाचता येई असा घरातला कर्ता पुरुष ओसरीवर बसून ते मोठ्याने वाचणार, बायका राजांगणाच्या, म्हणजे आतल्या चौकाच्या, दारापाशी उभ्या राहून ऐकणार, शेजारचे कोणी सहज टेकलेले असेल तर तेही ऐकणार. परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावण्याचे काम म्हणून नर्सचा पेशा आपल्या समाजात तेव्हा कमी लेखला जाई. घरच्यांनी शाळेची गोष्ट रचली ती त्यामुळेच. आता या ओसरीवर वाचल्या जाणाऱ्या पत्रात तिने काय लिहावे? वॉर्ड, बँडेज, रात्रपाळी, डॉक्टरसाहेब, यांतला एक शब्द जरी मोठ्याने उच्चारला गेला असता, तरी शाळेची गोष्ट त्याच क्षणी फुटली असती. तिच्या पत्रांना दोन सेन्सॉर होते आणि माझ्या मते दुसरा जास्त कडक होता.

या दोघांच्या हातून सुटून जे पलीकडे जाऊ शकत होते, ते म्हणजे नारळ आणि विहीर. म्हणून ‘यापलीकडे काहीच नाही’ असे न म्हणता तेवढ्यावरच जरा थांबा. नारळाचा पाडा वर्षातून ठरलेल्या सुमारासच होतो. पाडेली बागेत शिरतो त्या दिवसांच्या आसपासच ती नारळांविषयी विचारते का? विहिरीच्या पाण्याची चौकशी चैत्र-वैशाखातल्या पत्रांतच आहे की भर पावसातही? तसे आढळले, तर हजारो मैलांवर असलेली ही बाई तुमच्या कुळागराचे, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेचे, वेळापत्रक मनात चालवत होती, असे समजायला हरकत नाही. तांदळाविषयी ती कुठे विचारते का, हेही पाहा. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपान्यांच्या ताब्यात गेला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. बाहेरच्या तांदळावर अवलंबून असलेल्या गोव्याला त्याची झळ चांगलीच लागली. ‘पेज करता की भात’ असा साधा प्रश्न एखाद्या पत्रात असेल, तर तो साधा नाही.

आता आईवरच्या चार ओळी. श्रावणातले वर्तमान कार्तिकात पोचले, यात मला काही विशेष वाटत नाही. गोव्यातून निघालेले पत्र आधी हद्द ओलांडून ब्रिटिश मुलखात, तिथे टपाल उघडून तपासणाऱ्या परीक्षकाच्या टेबलावर, मग लष्करी टपालात, मग ताफ्यातल्या जहाजाची वाट पाहत बंदरात, पुढे सुवेजमार्गे तळावर आणि इस्पितळ दरम्यान हलले असेल तर त्याच्या मागावर, असे फिरत जाई. महत्त्वाचे हे, की मधल्या भाद्रपदात आणि आश्विनात तिने लिहिलेली पत्रे डब्यात असतील, तर त्यांचा मायना तपासा. ‘तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार’ असा मायना त्या पत्रांवर असणार, कारण आई गेल्याचे तिला अजून कळलेले नव्हते. आणि ती पत्रे तुमच्या घरी आली तेव्हा बारावे-तेरावे उरकून बरेच दिवस झालेले असणार. ती पत्रे फोडलेली आहेत की तशीच बंद ठेवलेली आहेत, हे तुम्ही कळवलेत तर फार बरे होईल. कार्तिकात तिला वर्तमान मिळाले तेव्हा सुतक पाळायला तिच्याजवळ ना घर होते ना सवड, आणि जे लिहायचे ते पुन्हा त्याच ओसरीवर भावाच्या किंवा भावोजींच्या तोंडून वाचले जाणार होते. चार ओळींच्या पुढे लिहिणे तिला अवघड गेले असेल, यावरून ती दगडाची होती असे ठरवणे मला तरी पटत नाही.

ती कुठे होती, हे शोधता येईल; मात्र त्यासाठी पत्रापेक्षा पाकीट जास्त उपयोगाचे. लष्करातल्या मुलाला पत्र लिहिताना आज आपण ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) असा पत्ता घालतो आणि तो कोणत्या डोंगरावर आहे हे पोस्टमनला कळत नाही. ती तेव्हाचीच रीत आहे. रणभूमीवरच्या प्रत्येक टपालकचेरीला, म्हणजे फील्ड पोस्ट ऑफिसला, नुसता क्रमांक असे आणि गोल शिक्क्यात गावाऐवजी तो क्रमांक उमटे. कोणता क्रमांक कोणत्या महिन्यात कुठे होता, याच्या याद्या युद्धानंतर टपाल-इतिहासाच्या अभ्यासकांनी आणि तिकिटे जमवणाऱ्यांनी चिकाटीने जुळवलेल्या आहेत. पत्रे तारखेप्रमाणे लावा आणि एका वहीत शिक्क्यावरची तारीख, क्रमांक, सेन्सॉरच्या शिक्क्याचा आकडा, मागच्या बाजूचा पोच-शिक्का आणि पत्र कोणाच्या नावे आहे, एवढे उतरवून काढा. क्रमांक बदलला की मुक्काम हलला. दोन पत्रांत मोठे अंतर असेल आणि त्यानंतर क्रमांक वेगळा दिसत असेल, तर मधल्या काळात बहुधा समुद्रप्रवास झाला.

तिची पदके घरात असतील तर तीही काढून पाहा. ‘आफ्रिका स्टार’ हा उत्तर आफ्रिकेतील जून १९४० ते मे १९४३ या काळातील सेवेसाठी होता, ‘इटली स्टार’ जून १९४३ ते मे १९४५ या काळासाठी. दोन्ही असतील तर इजिप्तमार्गे इटली हा त्या काळच्या अनेक भारतीय तुकड्यांचा मार्ग तिचाही होता, असे धरून चालता येईल. तसे असेल तर आणखी एक गोष्ट संभवते. इटलीत लढलेल्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या भारतीय डिव्हिजनांबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीही होत्या. यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधील वरच्या टायबर खोऱ्यातील लढाईसाठी मरणोत्तर आणि नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधील सेनिओ नदीवरच्या कामगिरीसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या पलटणींचे जखमी भारतीय इस्पितळांत येत. सातारा-रत्नागिरीकडच्या त्या मुलांपैकी ज्यांना लिहिता येत नसे, किंवा ज्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये असे, त्यांच्यासाठी मराठी लिहिणारी सिस्टर म्हणजे केवढा आधार. हे तिने केले असेलच, असे मी म्हणत नाही. तुमच्या एकतिसांत एखादे पत्र तिच्या अक्षरात पण भलत्याच नावाचे निघाले, तर मात्र ते बाजूला काढून ठेवा.

पत्रे आखूड का, याचे एक अगदी व्यावहारिक कारणही आहे. पेनिसिलिन युद्धभूमीवर १९४३ पासून वापरात येऊ लागले आणि सुरुवातीला त्याची इंजेक्शने दर तीन तासांनी, दिवसरात्र द्यावी लागत. एकेका वॉर्डात अशी किती माणसे असतील आणि सुया उकळण्यापासून सगळे करणाऱ्या परिचारिकेला सलग किती वेळ मिळत असेल, याचा तुम्हीच अंदाज करा. मधेच शाई बदललेली किंवा ओळ तुटून पुन्हा सुरू झालेली दिसली, तर तिथे तिला कोणीतरी हाक मारली असावी.

पाकिटे जपा म्हणून मी एवढे सांगतो आहे, त्यामागे स्वतःचा एक अपराध आहे. नववीत असताना मला तिकिटांचा नाद लागला होता. आजीच्या फडताळातल्या जुन्या पाकिटांवरची तिकिटे मी चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून सोडवली. जी सुटली नाहीत ती कात्रीने कापली. वहीत ती फार देखणी दिसत होती. पुढे पंचवीस वर्षांनी ती पत्रे कुठून आली असा प्रश्न पडला, तेव्हा प्रत्येक पाकिटावर उजव्या कोपऱ्यात एक चौकोनी भोक आणि त्याच्या कडेला अर्धवट कापलेला गोल शिक्का, एवढेच शिल्लक होते.

प्रश्न : माझी आई १९४० च्या दशकात मुंबईत नर्स होती. तिच्या कागदांत तळहाताएवढा, छायाचित्रासारखा चकचकीत कागद मिळाला. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजी पत्र आहे, शेवटच्या दोन ओळी रोमी कोकणीत. पाठवणारी तिची बार्देशातली मैत्रीण असावी. तीही लष्करी नर्स होती. मजकूर मजेचा आहे : बूट दोन आकड्यांनी मोठे मिळाले, चहाला रॉकेलच्या डब्याचा वास येतो, वॉर्डात एक मांजर मुक्कामाला आले आहे. ही कोणी काढलेली प्रत आहे का आणि मूळ पत्र कुठे मिळेल?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : मूळ पत्र मिळणार नाही, आणि तुमच्या हातात आहे तेच पोचलेले पत्र आहे. याला एअरग्राफ म्हणत. विमानात जागा थोडी आणि टपाल अफाट, यावर काढलेली ही युक्ती होती. ठरावीक छापील फॉर्मवर पत्र लिहायचे, टपालखाते त्याचा सूक्ष्म फिल्मवर फोटो काढणार, विमानाने फक्त फिल्म जाणार आणि पोचल्यावर तिच्यावरून कागदावर छाप काढून तो पाकिटात घालून वाटला जाणार. कैरोहून एप्रिल १९४१ मध्ये ही सेवा सुरू झाली आणि जुलै १९४५ मध्ये बंद झाली. एरवी ५० पौंड भरली असती अशी १६०० पत्रे फिल्मवर अवघ्या ५ औंसांत मावत. विमान पडले तर फिल्म पुन्हा काढता यावी म्हणून पोच येईपर्यंत मूळ फॉर्म राखून ठेवत आणि मग नष्ट करत. हा फोटोचा कागद असल्यामुळे त्याला पाणी, ऊन आणि बोटांचा घाम तिन्ही वर्ज्य आहेत. कडेला धरूनच उचला.

वरच्या फोंड्याच्या प्रश्नाशेजारी तुमचा प्रश्न मुद्दाम ठेवला आहे. एअरग्राफ म्हणजे जवळजवळ उघडे पत्र. ते सेन्सॉर वाचणार, फोटो काढणारा पाहणार, छाप काढणाराही पाहणार. तरीही त्यात बूट आहेत, मांजर आहे, चहाचा वास आहे. फरक आहे तो वाचणाऱ्यात. हे पत्र मुंबईच्या नर्सेस क्वार्टर्समध्ये एका नर्सला गेले. तिथे ओसरी नव्हती आणि वॉर्ड हा शब्द लपवायचे कारणही नव्हते. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतून मुंबईच्या इस्पितळांत नर्स म्हणून जाणाऱ्या मुलींची रीत तोवर बरीच रुळलेली होती, हाही भेद लक्षात घेण्यासारखा आहे. फोंड्याच्या वाचकांना यावरून एवढेच सुचवतो, की आतेआजीची खरी पत्रे तुमच्या डब्यात नसतील. ती पुण्यामुंबईच्या एखाद्या मैत्रिणीच्या नातवंडांकडे असतील. सेवासदनातल्या किंवा ससूनमधल्या तिच्या सोबतिणींची नावे कुठे निघतात का, ते बघा.

त्या शेवटच्या दोन कोकणी ओळी कोणा जाणत्याकडून नीट वाचून घ्या. रोमी लिपीतले तेव्हाचे लेखन पोर्तुगीज वळणाचे असल्यामुळे आजच्या डोळ्यांना चटकन लागत नाही. आणि बाईने इंग्रजी सोडून ज्या दोन ओळींसाठी आपली भाषा धरली, त्या वाचल्यावाचून ठेवू नयेत.

प्रश्न : आमची पणजी १९१६ साली मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लष्करी नर्स होती, असे घरात सांगतात. हे शक्य आहे का?
— एक वाचक, साखळी

उत्तर : अशक्य नाही, पण पुरावा मागावा असे आहे. पहिल्या महायुद्धात भारतीय सैन्याच्या इस्पितळांत काम करणाऱ्या परिचारिका बहुतेक ब्रिटिश होत्या. भारतात परिचारिकांची पहिली भरती १९१४ मध्ये सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशनशी जोडून झाली. दुसऱ्या महायुद्धात भारतीय परिचारिका संख्येने बऱ्याच होत्या आणि इराककडेही गेल्या होत्या. घरातल्या आठवणीत युद्धे एकमेकांत मिसळतात. पणजीचा जन्म कोणत्या साली झाला, एवढे आधी पक्के करा. निम्मे उत्तर तिथेच मिळेल.

प्रश्न : आमच्याकडे अशीच बावीस पत्रे आहेत. ती लॅमिनेट करून घ्यावीत, मजकूर कुटुंबाच्या स्मरणिकेत छापावा आणि मूळ पत्रे एखाद्या संस्थेला द्यावीत, असा विचार आहे. आपले मत काय?
— एक वाचक, वास्को

उत्तर : तीनपैकी पहिले करू नका, दुसरे विचारून करा आणि तिसरे सावकाश करा.

लॅमिनेशन म्हणजे कागदाला उष्णता देऊन प्लॅस्टिकमध्ये कायमचा कोंडणे. तो पुन्हा सोडवता येत नाही आणि आतला ओलावा आतच राहतो. चिकटपट्टीही नको, काही वर्षांनी तिचा तपकिरी डाग शाई घेऊन बसतो. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा, ओढून नव्हे. आपल्याकडे आषाढ-श्रावणात भिंतीसुद्धा घाम गाळतात, तेव्हा हे काम पावसाळ्यात काढू नका. नोव्हेंबरनंतरच्या कोरड्या हवेत, उन्हात न ठेवता, सावलीत पत्रे उलगडा. घडीवर तुटत असतील तर बळेच सपाट करू नका. प्रत्येक पत्राच्या दोन्ही बाजूंचा आणि पाकिटाच्याही दोन्ही बाजूंचा फोटो काढा आणि पाकीट त्याच पत्राबरोबर ठेवा. क्रमांक घालायचा तर मऊ शिसपेन्सिलीने, कोपऱ्यात. डांबरगोळ्या कागदाला टेकतील अशा ठेवू नयेत. पत्र्याचा डबा वाळवीला अडवतो हे खरे, पण तो तळाशी गंजतो. आम्लविरहित कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या पेटीत आणि पेटी भिंतीपासून दूर उंच फळीवर, हे बरे.

छापण्याबाबत एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. पत्राचा कागद ज्याला पत्र आले त्याचा. मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांचा. तुम्ही पत्र मिळालेल्या शाखेचे आणि लिहिणारीचे वारस दुसऱ्या शाखेचे असतील, तर त्यांची लेखी संमती घ्या. छापताना वाक्ये दुरुस्त करू नका. तिने अर्धवट सोडलेले वाक्य पूर्ण करण्याचा मोह विशेष आवरा. स्मरणिकांत असे ‘पूर्ण केलेले’ पूर्वज मी पुष्कळ पाहिले आहेत.

संस्थांपैकी पणजीचे राज्य पुराभिलेखागार मुख्यतः सरकारी कागदांचे घर आहे. त्याची परंपरा थेट १५९५ पर्यंत जाते, पण खासगी पत्रांबाबत आधी जाऊन विचारावे. पर्वरीचे झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च आणि पणजीचे कृष्णदास शामा राज्य ग्रंथालय हे आणखी दोन दरवाजे. देण्याआधी अटी कागदावर घ्या : वाचायला कोणाला मिळणार, प्रती कोण काढणार, नावे उघड होणार का. भारतीय सैनिकांच्या पत्रांचे सेन्सॉरने केलेले सारांश आणि इंग्रजी उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि इतिहासकार त्यांवरच फार विसंबून असतात, कारण मूळ पत्रे घरोघरी गेली आणि बहुतेक संपली. म्हणजे ज्या मुलांनी मराठीत लिहिले, त्यांचे शब्द आज इंग्रजीत आणि तेही परक्याने निवडलेल्या तुकड्यांत वाचावे लागतात. तुमच्याकडची बावीस पत्रे मूळ आणि सबंध आहेत. घाई कशाला?

प्रश्न : माझ्याजवळच्या पाकिटाची डावी बाजू फाडून त्यावर ‘ओपन्ड बाय एक्झॅमिनर’ अशी छापील पट्टी चिकटवली आहे. गोवा तर युद्धात नव्हता, मग गोव्याला आलेले पत्र का उघडले? आणि ही पट्टी काढून आत काही लपले आहे का, ते पाहावे काय?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : गोवा युद्धात नव्हता, म्हणूनच उघडले. पोर्तुगाल तटस्थ होता आणि ब्रिटिशांच्या दृष्टीने गोवा हा परका मुलूख. मित्र आणि शत्रू दोघांनाही तिथे मज्जाव नव्हता. मुरगाव बंदरात एरेनफेल्स, ब्राउनफेल्स आणि ड्राखेनफेल्स ही तीन जर्मन जहाजे आणि आनफोरा हे इटालियन जहाज आश्रयाला होते. त्यांतल्या एरेनफेल्सवरून जहाजांच्या हालचाली पाणबुड्यांना बिनतारी संदेशाने कळवल्या जातात, असा ब्रिटिशांचा संशय होता; अखेर ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या पलटणीतल्या वयस्कर हौशी सैनिकांनी समुद्रातून येऊन त्यावर छापा घातला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच बंदरात तेइआ मारू आणि ग्रिप्सहोम या जहाजांवरून जपानी आणि अमेरिकी नागरिकांची अदलाबदलही झाली. असल्या बंदराच्या मुलखात जाणारे पत्र, तेही लष्करी इस्पितळातून, परीक्षकाने उघडले नसते तरच आश्चर्य.

परीक्षक पाकीट कडेने कापून पत्र काढी, वाची, नको ती जागा शाईने पुसे किंवा कात्रीने कापून टाकी आणि पत्र परत घालून पट्टी लावी. पट्टीखाली तुम्हांला पाकिटाची कापलेली कड सापडेल, दुसरे काही नाही. पट्टीवर एखादा क्रमांक हाताने लिहिलेला किंवा छापलेला असेल. तो वाचणाऱ्याचा क्रमांक आहे. तो टिपून घ्या. पट्टी काढू नका.